बिनपाण्याची बाग

मांडवा, ता. ४ मार्च १९३३

सौ. केसर हीस,

मांडव्याहून तुळशीरामचा आशीर्वाद. हे पत्र सदाभाऊ वाचून दाखवणार हे मला ठाऊक आहे, तेव्हा सदाभाऊंना नमस्कार आणि एक विनंती. पत्र घरात बसून वाचावे. गेल्या खेपेचं पत्र आपण आपल्या बहिणीला अंगणात उभं राहून वाचून दाखवलंत. ते शेजारच्या ठमाबाईंनी ऐकलं, ठमाबाईंनी म्हसळ्याच्या बाजारात सांगितलं, आणि मुश्ताक तांडेलाने ते इथे मांडव्याच्या धक्क्यावर चार माणसांत मलाच ऐकवलं. मधली दोन वाक्यं तर माझी नव्हतीच.

केसर, तू पौषात गेलीस, आता शिमगा तोंडावर आला. मी न्यायला येत नाही म्हणून तुझ्या माहेरी रोष आहे. मी येत नाही असं नाही, मला येता येत नाही. ह्यातला फरक कोणी समजून घेत नाही, म्हणून लिहून कळवतो.

शेठाणीबाईंनी मुंबईहून बोटीने आणखी झाडं पाठवली आहेत. ओल्या शेवाळात बांधलेल्या करंड्या. फर्न, हायड्रँजिया, व्हायोलेट, आणि एक, ज्याचं नाव चिठ्ठीवर पुसट झालं आहे. (नावं चिठ्ठीवरून तशीच उतरवली आहेत. सदाभाऊ, अडलं तर पुढे जावे, आपल्या मनाचं नाव घालू नये.) ही झाडं त्यांनी महाबळेश्वरला कोणाच्या तरी बंगल्यात पाहिली. महाबळेश्वर डोंगरावर आहे, मांडवा समुद्रावर आहे. हे मी मालकिणीला कोणत्या तोंडाने सांगू? इथला खारा वारा दाराच्या कड्या खातो, तो फर्नला सोडणार आहे का? जमीन म्हणजे नुसती पुळण. कळशी ओतली की पाणी कुठे गेलं ते विचारायची सोय नाही. सकाळ-संध्याकाळ पाणी, दुपारी वर झापांचा मांडव, कुंड्यांवर ओलं गोणपाट. एक दिवस चुकला की पानं वळतात, दुसरा चुकला की संपलं. आणि म्हसळ्याला येऊन परत जायचं म्हणजे मचवा, वारा आणि भरती-ओहोटी ह्यांच्या मर्जीवर. बाग वाळली की माझी नोकरी गेली. नोकरी गेली की बंगल्यामागच्या ह्या दोन खोल्या गेल्या. मग तुला न्यायला येऊन नेऊ कुठे?

आता अबोलीचं. मोरीच्या पाण्यावरची तुझी अबोली मी उपटली, हे मी नाकारत नाही. पण उपटायला शेठाणीबाईंनी सांगितलं होतं. ह्या आवारात तेवढीच एक जागा सावलीची आणि ओलीची. फर्न दुसरीकडे कुठे लावणार? हे मी तुला तेव्हाही सांगत होतो. तू भरलेला हंडा उंबऱ्यात ठेवलास, "आता ह्यांनाच घरात घ्या" म्हणालीस, आणि निघालीस. माझं वाक्य पुरं झालं नव्हतं.

मला निघता येत नाही म्हणून चंद्राआत्या येत आहे. तिच्याबरोबर नारळ, साखर आणि शेठाणीबाईंच्या गुलाबाचं एक रोप कुंडीसकट पाठवतो. त्याला दोन कळ्या आहेत. वाटेत पाणी घालायला आत्याला बजावलं आहे. तिच्याबरोबर निघून ये.

तुळशीराम


मांडवा, ता. २० मार्च १९३३

केसर हीस,

आत्या काल परत आली. एकटी. धक्क्यावर उतरल्या उतरल्या तिने कुंडी माझ्या हातात दिली. कुंडीत एक काटकी होती.

मी म्हणालो, "आत्या, पाणी घातलं नाहीस?"

"पानी?" आत्या म्हणाली. "मेल्या, मला प्यायला पानी न्हवतं त्या मचव्यात! जाताना ओकले, येताना ओकले, आनि तुझ्या काटकीला पाजत बसू?"

मग तुमच्याकडे काय झालं ते तिने धक्क्यापासून घरापर्यंत मोठ्याने सांगितलं. मला वाटतं आता पत्र लिहायचीही गरज उरलेली नाही, सगळं गावाला पाठ आहे. तुझ्या आईने ओटीवरूनच विचारलं म्हणे, "जावई कुठं हाय?"

आत्या म्हणाली, "झाडांना पानी घालतोय."

"झाडांना नवरा आनि बायकोला आत्या?"

ह्यावर तुमची सगळी आळी हसली. ते मी समजू शकतो. पण मग कुंडी पाहून तुझी आई म्हणाली, "आनि ह्ये काय? मेलेलं झाड घेऊन दाराशी आलीस? माझ्या लेकीला न्यायला आलीस का पोचवायला?" हे बोलणं बरं नव्हे. गुलाब इथून निघाला तेव्हा जिवंत होता. दोन कळ्या होत्या हे मी पत्रात लिहिलंही होतं. सदाभाऊंनी ते वाक्य वाचलं की नाही?

आणि तू आतून म्हणालीस, "ज्यांनी उपटलं त्यांनी यायचं."

रुसून गेलेल्या बायकोला नवऱ्याने स्वतः न्यायला जायचं, सासऱ्याच्या ओटीवर खाली मान घालून चार शब्द ऐकून घ्यायचे, तिथेच जेवायचं आणि मग दोघांनी निघायचं, ही आपली रीत मला कोणी शिकवायला नको. माझ्या बापानेही ते केलं आहे. पण माझ्या बापाला व्हायोलेट नव्हते.

व्हायोलेट तसेही गेले. हायड्रँजियाची पानं कडेने भाजल्यासारखी होत चालली आहेत. मी पाणी वाढवलं. पाणी वाढवलं तशी ती अधिकच भाजली. विहीर मचूळ झाली आहे, हे त्याचं कारण. दिवसभर उपसा केला की खालून समुद्र आत येतो. हे तू मागच्या उन्हाळ्यात म्हणाली होतीस आणि मी तुला गप्प बस म्हणालो होतो, ते मला आठवतं. आठवण करून देऊ नये.

प्यायचं पाणी आता मी टेकडीखालच्या विहिरीवरून आणतो. डोक्यावर हंडा मला पेलत नाही, म्हणून काठीला दोन कळशा लावतो. पाणवठ्यावर कोकिळा वहिनी पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "भावजी, चुंबळ देऊ का?" मी काठी खांद्यावर घेतली.

येण्याचं बघतो. ही झाडं एकदा सावरू देत.

तुळशीराम


मांडवा, ता. ९ एप्रिल १९३३

केसर हीस,

तुझी मोळी मिळाली. मुश्ताकला ओहोटी गाठायची होती, म्हणून तो धक्क्यावरच्या कारकुनाकडे टाकून गेला. चिठ्ठी नाही, निरोप नाही. सुंभाने बांधलेल्या पांढऱ्या चाफ्याच्या करड्या फांद्या, एक पान नाही, तोडलेल्या जागी चीक वाळलेला.

मी काय समजायचं ते समजलो. चाफा कुठे असतो? मसणवटीत असतो, कबरस्तानात असतो. घराच्या दारात कोणी लावत नाही. म्हणजे माझं घर तुला काय वाटतं, ते तू बोलण्याऐवजी बांधून पाठवलंस. कारकून मला विचारतो, "सासऱ्याने जळण पाठवलं वाटतं?" मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

सदाभाऊ, इथे आपण थांबून तिच्याकडे पाहावे. ती हसते आहे का? हसत असेल तर पुढचं वाचू नये.

अर्ध्या फांद्या मी रागाने मागच्या दगडी गडग्यावर फेकल्या. उरलेल्या हातात होत्या, आणि हातातलं झाड फेकून द्यायला मला जमत नाही, हा माझा दोष म्हण. हायड्रँजियाचा वाफा रिकामा झाला होता (होय, गेली), तिथे लावल्या, आळं केलं, दोन्ही वेळा पाणी घालतो. वरून गोणपाटही बांधलं आहे. माझ्याकडून उणीव राहिली असं कोणी म्हणू नये.

शेठाणीबाईंचं पत्र आलं आहे. मे महिन्यात सगळे राहायला येणार. "फर्न बरोबर राखून ठेवजे, माझी मैत्रीण बघायला येणार हाय." फर्न मोरीजवळ अजून उभे आहेत. उभे म्हणजे मधली चार पानं हिरवी आहेत. रोज सकाळी मी आधी तिकडे जातो, मग तोंड धुतो.

पत्र नको असेल तर तसं कळव. मोळी पाठवू नकोस.

तुळशीराम


मांडवा, ता. २७ एप्रिल १९३३

केसर हीस,

काल मुश्ताक बंगल्यावर आला. पाणी मागितलं, एक घोट घेतला, बाहेर जाऊन थुंकला. म्हणाला, "तुळशा, हे पाणी पितोस की ह्यात बोंबील खारवतोस?" मग त्याची नजर वाफ्याकडे गेली. गोणपाट बांधलेल्या चाफ्याच्या फांद्या बघून तो खालीच बसला, इतका हसला. मी एक फांदी धरली तर ती हातात आली. खालून कुजून काळी झालेली. दुसरीही तशीच. सगळ्या तशाच.

"भाभीने काय सांगितलं होतं तुला?"

"काही सांगितलं नाही. मोळी आली."

मुश्ताकने कपाळावर हात मारला. "या अल्ला, तो निरोप तर माझ्याचकडे राहिला. भाभी म्हणाली होती, 'त्यांना सांग, ह्येला पानी घालायचं न्हाय. आधी उनात वाळू द्यायचं, मग पुळणीत खोचायचं आनि इसरून जायाचं. जमंल का त्यांना?'"

इतकं महत्त्वाचं माणूस विसरतो कसं? मी त्याला तसं बोललो. मी म्हणालो, "अरे पण हे मसणातलं झाड—"

"मग?" तो म्हणाला. "आमच्या कबरस्तानात कोण घालतो त्याला पाणी? माझा बाप गेला तेव्हा त्याच्या उशाला आम्ही एक फांदी खोचली. त्यानंतर तिकडे कोण बघतंय? आज त्याच्यावर सावली आहे."

मग मी मागे गेलो, गडग्यावर. केसर, ज्या मी रागाने फेकल्या होत्या, त्या तिथे उताण्या पडल्या होत्या. खाली दगड, वर ऊन, थेंब पाण्याचा नाही. आणि तीन फांद्यांच्या शेंड्याला फुलांचे झुबके. पांढरी, मधे पिवळी. पडल्या पडल्या फुलल्या होत्या. मला संताप आला. दोन महिने मी कळशा वाहतो आहे, आणि ह्या गडग्यावर पडून फुलतात!

संध्याकाळी फर्नला पाणी घातलं नाही. किनाऱ्यावर गेलो. ह्या वैशाखात जे हिरवं आहे ते कोणाच्या जिवावर हिरवं आहे, एवढंच बघायचं होतं. भरतीच्या रेषेवर मर्यादवेल पसरलेली, जांभळी फुलं, पान जाड आणि गुळगुळीत. उंडीच्या झाडाचं पान तर चामड्यासारखं. कोळीवाड्याच्या मागे कण्हेर, पान अरुंद आणि आत चीक. कोरफड स्वतःचं पाणी पोटात घेऊन बसलेली. कस्टमच्या कचेरीवर बोगनवेल अशी पेटली आहे की डोळे दुखतात, आणि त्या कचेरीत कारकुनाशिवाय कोणी पाणी पीत नाही. सदाफुली तर मी स्वतः बंगल्याच्या पायऱ्यांमधून रोज उपटून टाकतो, ती दुसऱ्या दिवशी परत. ह्या सगळ्यांना मी आजवर रान म्हणत आलो. बाईंनी तसं म्हटलं म्हणून.

आता काय करायचं ते ठरवलं, आणि लगेच हात घातला. गडग्यावरचा चाफा वाफ्यात खोचला. कोरफडीचे पिलवे काढून पायवाटेच्या कडेने लावले. मर्यादवेल मुळासकट आणून समोरच्या पुळणीवर सोडली. सदाफुली उपटणं बंद. कण्हेर आणि बोगनवेल आत्ता लावल्या तर मरतील, त्या पाऊस पडल्यावर. रिकाम्या कुंड्या पालथ्या घालून मागे रचल्या. फर्न सकाळपर्यंत टिकले नाहीत. मोरीजवळची माती मोकळी करून तशीच ठेवली आहे.

शेठाणीबाई ६ तारखेला येतात. त्या काय म्हणतील ह्यावर आपल्या दोन खोल्या आहेत. तुला न्यायला यायचं म्हणून मी हे केलं, असं मी त्यांना सांगणार नाही. तुलाही सांगितलं नसतं, पण पत्र लिहिताना लिहून झालं आणि मला खाडाखोड आवडत नाही.

तुळशीराम


मांडवा, ता. १२ मे १९३३

केसर हीस,

नोकरी आहे. हे आधी लिहितो, कारण सदाभाऊ पाणी प्यायला मधेच उठतात असं ऐकतो.

शेठाणीबाई धक्क्यावरून डोलीतून आल्या. उतरल्या, आणि पायऱ्यांशीच थांबल्या. "तुळसीराम, मारा फर्न क्यां?"

मी म्हणालो, "बाई, मेले."

"आणि हायड्रँजिया?"

"तेही मेले."

"तू पाणी नाय देते काय? झोपून ऱ्हाते?" मग त्यांना चाफा दिसला. "हाय हाय, हे तर मसाणातला फूल! मारी मैत्रीण काय बोलेल? घरात कोण मेला असा वाटेल!" त्या असं बरंच बोलल्या. मी उभा होतो. आधी पाठ केलेलं एक वाक्य होतं, तेही आठवेना. शेवटी त्या म्हणाल्या, पुढच्या बोटीने दुसरे फर्न मागवते, आणि हे सगळं काढून टाक, आणि तुला जमत नसेल तर दुसरा माळी बघते.

तेवढ्यात आतून चहा आला. शेठ आरामखुर्चीत बसले होते. त्यांनी पेला तोंडाला लावला आणि तसाच गॅलरीतून खाली सदाफुलीवर ओतला. "आ चा छे के दरिया?" दूध फुटलं होतं. स्वयंपाक्याने घाबरून दुसरं दूध घातलं, तेही फुटलं. शेठ मला म्हणाले, "विहिरीला काय झाला? पहिला तर गोडी होती."

तेव्हा मात्र मला बोलता आलं. मी म्हणालो, "शेठजी, विहीर तीच आहे. तिचं गोडं पाणी फर्न प्याले. उपसा थांबला तर खारेपण खाली बसेल. नवे फर्न आले तर चहा असाच होईल."

शेठांनी पेला बाईंपुढे सरकवला. मग बाईंना म्हणाले, "बोल. फर्न जोईए के चा?"

बाई उठून आत गेल्या. त्या दिवशी जेवायलाही उशिरा आल्या. पण पुढच्या बोटीने फर्न आलेले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावून विचारलं, "फर्न तद्दन नाय होणार?" मी खरं ते सांगितलं. श्रावणात विहिरीच्या कठड्याला फर्न आपोआप फुटतात, कोणी न लावता, आणि दसऱ्याला आपोआप जातात. त्यांना तेव्हा यायचं असेल तर भरपूर दिसतील. त्या म्हणाल्या, "पावसात कोण येणार?" मी म्हणालो, "तेच तर." हे मी जरा उद्धटपणे म्हणालो असं नंतर वाटलं.

मैत्रीण येऊन गेली. तिने चाफ्याचं फूल केसात घातलं आणि मरणाचं काही बोलली नाही. ती पारशीण होती, त्यांच्यात ना मसण ना कबर.

पाणी अजून मचूळच आहे. पण उपसा नाही. काल सकाळी उठलो आणि हात मोकळे. काय करायचं ते कळेना, म्हणून कोरफडीच्या पिलव्यांची रांग दोरी धरून सरळ केली.

तुळशीराम


मुश्ताकचा मचवा, ता. २० मे १९३३

केसर,

अक्षर वाकडं आलं तर समजून घे. मचवा हलतो आहे. वरच्या 'अक्षर' मधल्या 'क्ष'वर लाट पडली, तो पुन्हा लिहायला जागा उरली नाही.

ही मुश्ताकची ह्या हंगामातली शेवटची फेरी. परत आला की तो मचवा किनाऱ्यावर ओढणार, झापांनी झाकणार, आणि मग नारळी पौर्णिमेपर्यंत म्हसळा आणि मांडवा ह्यांचा एकमेकांशी संबंध नाही. म्हणून मी काल सकाळी रजा मागायला गेलो. बाई झोपाळ्यावर होत्या. म्हणाल्या, "रजा? आणि बागेत पाणी कोण घालणार?"

मी म्हणालो, "कोणी नाही."

त्यांनी झोपाळा थांबवला. बाहेर बघितलं. चाफ्याला नवी पानं येत आहेत, मर्यादवेल पायरीपर्यंत आली आहे, एका झाडाचंही तोंड वाळलेलं नाही. त्या म्हणाल्या, "मग तुझा काम काय?" हा प्रश्न मलाही पडला आहे, पण तो मी परत आल्यावर बघेन. शेठ आतून म्हणाले, "जाऊ दे एने."

आत्याने बरोबर नारळ दिला आहे. झाड काही आणलेलं नाही. तूच येताना अबोलीची रोपं घेऊन ये, मुळाला चिखल बांधून. मोरीजवळची जागा तशीच मोकळी आहे. आपलं भांड्यांचं पाणी तिला पुरतं, विहिरीला हात लावावा लागत नाही. हे तू सांगितलं होतंस का? सांगितलं असशील. त्या वेळी मी पाणी शेंदत असेन.

मुश्ताक सुकाणूवरून ओरडतो आहे, "अरे उद्या तोंडाने बोलणारच आहेस, तर लिहितोस कशाला?" त्याला काय सांगू? ओटीवर बसलो की तुझी आई बोलेल, सदाभाऊ बोलतील, ठमाबाई कुंपणावरून बोलेल, आणि मला पाठ केलेलं आठवणार नाही. म्हणून हे पत्र मी टपालात टाकलेलं नाही, सदाभाऊंच्या हातीही देणार नाही. जे काय चार शब्द ऐकायचे ते ऐकून घेईन, जेवेन, आणि मग हात धुताना परड्यात तू पाणी घालायला येशील, तेव्हा मी स्वतः वाचून दाखवीन. हळू वाचीन.

घाईने वाचण्याचं कारण नाही. मागे पाणी घालायला कोणाला ठेवलेलं नाही.

तुळशीराम